शारदा, बेणारे आणि त्यांच्या भोवतीची माणसे: जुन्या नाटकांतला स्वार्थ

रंगपीठ

आपल्या जुन्या नाटकांमधल्या अन्यायाविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा एका माणसाचे नाव घेतो आणि सगळे पाप त्याच्या पदरात टाकतो. शारदेचा विषय निघाला की भुजंगनाथ आठवतो, 'एकच प्याला'तल्या सिंधूचा निघाला की तिच्या नवऱ्याला दारूच्या नादी लावणारा तळीराम. अलीकडे ही नाटके मी पुन्हा सलग वाचून काढली, तेव्हा हे वाचन अपुरे आहे असे मला तीव्रतेने वाटू लागले. या नाटकांत एकटा दुष्ट माणूस फारसे काही करू शकतच नाही. त्याला मध्यस्थ लागतो, मुहूर्त काढून देणारा लागतो, आपला वाटा घेऊन बाजूला होणारा लागतो आणि जेवणाची पंगत मोडू नये म्हणून गप्प बसणारा शेजारी तर हमखास लागतो. माझ्या मते या नाटककारांनी खलपुरुषापेक्षा त्याच्या भोवतीची ही माणसे अधिक बारकाईने पाहिली आहेत. दोन नाटकांच्या आधारे हे मांडतो. इतरांनी भर घालावी किंवा खोडून काढावे.

पहिले अर्थातच गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा'. किर्लोस्कर नाटक मंडळीने ते १८९९ साली इंदूरला रंगभूमीवर आणले. त्याच्या आठच वर्षे आधी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचे संमतिवय दहावरून बारावर गेले होते आणि तेवढ्यावरूनही पुण्यात केवढे रणकंदन माजले होते हे सर्वांना ठाऊक आहे. नवऱ्याने किती म्हातारे असावे याला मात्र कोणताही कायदा आड येत नव्हता. पंचाहत्तरीच्या श्रीमंत विधुराने कोवळ्या मुलीशी लग्न करणे कायद्याने गुन्हा नव्हते आणि रूढीला तर त्यात वावगे काहीच दिसत नव्हते. धर्मग्रंथांनी कन्याविक्रयाची निंदा केलेली असली, तरी द्रव्य घेऊन मुलगी देणारे बाप गावोगाव होते आणि त्यांच्या पंगतीला बसणारे लोकही होते.

या नाटकात भुजंगनाथ हा हास्यास्पद म्हातारा आहे. त्याची हाव उघडी आहे, म्हणून प्रेक्षक त्याला हसू शकतो. मला अस्वस्थ करतो तो भद्रेश्वर दीक्षित. या माणसाचे शारदेशी काहीही वैर नाही. तिच्याविषयी त्याच्या मनात राग नाही, आकस नाही, खरे तर विचारच नाही. लग्न जमवणे हा त्याचा उद्योग आहे आणि हे स्थळ घसघशीत आहे, एवढेच. म्हाताऱ्याला तरुण ठरवणे, बापाला रकमेच्या आशेवर ठेवणे, अडचण आली की तिच्यातून वाट काढणे ही कामे तो एखादा कसबी कारागीर करील तशी करतो. आणि बाप कांचनभट? देवलांनी नावातच सोने घातले आहे, पण त्याला राक्षस केलेले नाही. मुलगी श्रीमंताघरी पडेल, दागिन्यांनी मढेल, हे तो स्वतःला पटवून देत असावा असे वाचताना वाटत राहते. शारदेची आई इंदिराकाकू यांचा जीव मुलीसाठी तुटतो, परंतु त्या घरात त्यांच्या शब्दाला वजन नाही. अशा रीतीने प्रत्येकाकडे आपापले एक कारण आहे आणि त्या सगळ्या कारणांची बेरीज एका मुलीच्या आयुष्यावर येऊन पडते.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा धागा काढला त्याकडे येतो. हे लग्न मोडते कसे? शारदा रडते म्हणून नव्हे. 'मूर्तिमंत भीती उभी मजसमोर राहिली' हे ती म्हणते, तेव्हा प्रेक्षागृह हेलावते, पण नाटकातल्या जगात त्याने काहीही बदलत नाही. वयातले साठ वर्षांचे अंतर सगळ्यांना डोळ्यांनी दिसते आहे, त्यानेही काही अडत नाही. लग्न मोडते, कारण वधूवर सगोत्र असल्याचे कोदंड हा शारदेची बाजू घेणारा तरुण ऐन मांडवात उघडकीला आणतो. मुलीच्या आक्रोशाने जो समाज जागचा हलला नाही, तो गोत्राचे नाव काढताच दचकून उभा राहिला. देवल सुधारणेच्या बाजूचे होते; कोदंडाच्या तोंडी माणुसकीवरचे एक प्रभावी भाषण घालून त्यांना लग्न थांबवता आले असते. तसे त्यांनी केले नाही. आपला समाज कोणत्या शब्दाला घाबरतो आणि कोणत्या शब्दाला घाबरत नाही, हे त्यांना नेमके कळले होते असे मी समजतो. त्यानंतरही शारदेची सुटका होत नाहीच. अर्धवट लागलेल्या लग्नाची मुलगी कोण पत्करणार, हा प्रश्न उभा राहतो, ती जीव द्यायला निघते आणि अखेर कोदंडाशी तिचे लग्न व्हायलाही शंकराचार्यांची संमती लागते. अनेकांना हा शेवट सोयीचा वाटतो. मला तो त्या काळाविषयीचा सर्वांत कठोर निष्कर्ष वाटतो, कारण मुलीला वाचवणाऱ्यालासुद्धा त्याच दरवाज्यातून जावे लागते, ज्या दरवाज्याने तिला विकले होते.

दुसरे नाटक विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ साली रंगायनने ते केले, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारे सुलभा देशपांडे यांनी उभी केली. मधल्या अडुसष्ट वर्षांत मुली शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या, बेणारे स्वतः शिक्षिका आहे. इथे कुणी कुणाला विकत नाही. मुंबईची एक हौशी नाटकमंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते. मूळ प्रयोगात अमेरिकेच्या अध्यक्षांवर अण्वस्त्रांवरून खटला भरायचा असतो. प्रयोगाला अवकाश आहे, नवख्या सामंताला कोर्ट कसे चालते ते दाखवायचे आहे, म्हणून खेळ म्हणून बेणारेला आरोपी करतात आणि तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात. पुढे हा खेळ खरा होतो आणि लग्नाविना राहिलेल्या तिच्या गर्भाची गोष्ट सगळे मिळून चव्हाट्यावर आणतात.

या मंडळींकडे जरा नीट पाहा. सुखात्मे वकील आहेत, पण त्यांच्याकडे खटले येत नाहीत. पोंक्षे इंटर नापास आहे आणि शास्त्रज्ञाच्या आविर्भावात वावरतो. काशीकरांना मूल नाही आणि आश्रित रोकडे त्यांच्या उपकारांखाली दबून गेला आहे. प्रत्येकाच्या आयुष्यात एक खोल अपयश आहे आणि बेणारे वयाने, हसण्याने, बोलण्याने त्यांना ते विसरू देत नाही. तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्याबरोबर या सगळ्यांना काहीतरी मिळते: सुखात्म्यांना अखेर एक जिंकता येण्याजोगा खटला मिळतो, रोकड्याला पहिल्यांदाच स्वतःहून खालचे कुणीतरी मिळते. भद्रेश्वराला पैसे मिळत होते. यांना मोठेपण मिळते. स्वार्थ फक्त द्रव्याचा असतो असे ज्यांना वाटते त्यांनी हे नाटक या दृष्टीने पुन्हा वाचावे. आणि इथेही क्रौर्य थेट येत नाही, त्याला न्यायालयाचा पोशाख लागतो, साक्षीदार बोलवावे लागतात, 'मिलॉर्ड' म्हणावे लागते. ज्या प्राध्यापक दामल्यांमुळे हे सारे घडले, त्यांची खुर्ची रिकामी असते आणि त्यांना आरोपी करण्याचे कुणाच्या मनातही येत नाही.

काळी चार

रंगपीठ, सगोत्राचा मुद्दा फार महत्त्वाचा मांडलात. मी संगीताच्या बाजूने एक अडचण पुढे ठेवते. संगीत नाटकाने क्रौर्य दाखवले हे खरे, पण ते इतके गोड करून दाखवले की प्रेक्षकाला त्यातून समाधान मिळू लागले, असे मला अनेकदा वाटते. 'मूर्तिमंत भीती' हे पद मी स्वतः गाते. मैफलीत ते म्हटले की दाद येते, पुन्हा म्हणायचा आग्रह होतो. ज्या मुलीचे प्राण कंठाशी आले आहेत तिच्या शब्दांना वन्समोअर मिळतो.

'एकच प्याला' याहून अवघड आहे. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीने ते नाटक रंगभूमीवर आणले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची. बालगंधर्वांची सिंधू पाहायला लोक गावेच्या गावे ओलांडून येत. 'कशि या त्यजू पदाला' हे पद आपण भक्तीने ऐकतो. प्रसंग काय आहे? माहेरचे लोक तिला या घरातून नेऊ पाहतात आणि ती दारुड्या नवऱ्याचे पाय सोडत नाही. पुढे त्याच नवऱ्याच्या हातून तिचे मूल जाते, ती स्वतः मरणाच्या दारात पडते आणि तरीही त्याला वाचवण्यासाठी खोटे बोलते. गडकऱ्यांना दारूविरुद्ध लिहायचे होते आणि त्यांनी ते प्रचंड ताकदीने लिहिले. पण किती घरांत सिंधू हा आदर्श म्हणून सांगितला गेला, सोसणारी बाई म्हणजे थोर बाई हा धडा त्यातून किती मुलींना मिळाला, याचाही विचार व्हायला हवा. नाटक समाजाचे क्रौर्य दाखवते हे मान्य करताना, कधी कधी ते त्या क्रौर्याला चाल लावून देते, हेही मान्य करावे असे मला वाटते.

विदुला

चर्चा १८९९ पासून सुरू झाली म्हणून आठवण करून देते. त्याच्या चव्वेचाळीस वर्षे आधी, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले होते आणि ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले होते. कमिटीने ते नाकारले. 'गुलामगिरी' या आपल्या ग्रंथात जोतीरावांनी त्याचा उल्लेख केलेला आहे. पुढे ते हस्तलिखितातच राहिले आणि छापून प्रसिद्ध झाले ते १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात. मराठी नाटकाच्या इतिहासात सामाजिक आशयाचे पहिले नाटक कोणते, या प्रश्नाचे उत्तर एवढा काळ वेगळे दिले जात होते, त्याचे कारण हे.

रंगपीठ यांच्या प्रतिपादनाला ते नाटक अगदी नेमके लागू पडते. एका गरीब कुणब्याची बायको गरोदर आहे. जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो आणि मूल वाचवायचे असेल तर अनुष्ठान करा, ब्राह्मणभोजन घाला असे सांगतो. नवरा कर्ज काढतो. त्या जोश्याला कुणाला मारायचे नाही, कुणाचे घर जाळायचे नाही. त्याला शिधा आणि दक्षिणा हवी आहे. त्यासाठी गर्भार बाईच्या मनातली सगळ्यांत कोवळी जागा तो हेरतो, याहून क्रूर काय असू शकते? शिवाय जोतीरावांनी विदूषकाला मध्ये उभे करून प्रत्येक पायरीला प्रेक्षकाला विचारले आहे की हे काय चालले आहे ते तुला दिसते ना.

शेवट पाहा. शारदेला वाचवायला शंकराचार्यांची संमती लागते. इथे ते कुणबी जोडपे जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकायला जायचे ठरवते. या दोन शेवटांमधले अंतर मला कालक्रमाच्या उलट वाटते. नंतरच्या नाटकाला रंगभूमी मिळाली, प्रेक्षक मिळाले, शतकभर प्रयोग मिळाले. आधीच्याला छापखानासुद्धा मिळाला नाही. समाजाचा स्वार्थ नाटकात किती दिसतो हे बघताना, कोणते नाटक समाजाने आपल्यासमोर येऊ दिले हेही त्याच प्रश्नाचा भाग आहे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

अनाहूत

सर्वांचे लिखाण वाचले. माझी शंका साधी आहे. बालविवाह गेले, जरठकुमारी विवाह गेले, मग 'शारदा' आज आपल्याविषयी काही सांगते असे म्हणणे ओढूनताणून नाही का? ते त्या काळाचे चित्र आहे, तसेच ते पाहावे. ज्या नाटकामुळे शारदा कायदा झाला, त्याचे काम तिथेच पूर्ण झाले.

रंगपीठ

अनाहूत, आधी कायद्याविषयी. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरविलास सारडा यांच्या विधेयकातून आला आणि त्यांच्या आडनावावरून त्याला ते नाव पडले. देवलांच्या नाटकाशी त्याचा तसा संबंध नाही. त्या कायद्याने मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरवले. नवऱ्याच्या वयाला वरची मर्यादा त्यातही नव्हती, म्हणजे चौदा पूर्ण झालेली शारदा पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला देण्यास त्या कायद्यानेही मज्जाव झाला नसता.

आता मुख्य शंका. जरठकुमारी विवाहाची प्रथा हा नाटकाचा विषय आहे, पण देवलांनी पाहिलेली गोष्ट त्याहून रुंद आहे. दोन पक्षांमध्ये उभा राहून, तिसऱ्याच्या आयुष्याचा सौदा करून, त्यात आपला वाटा घेणारा आणि 'मी फक्त जमवून दिले' असे म्हणणारा माणूस कोणत्या काळात नव्हता? हुंड्याची बोलणी करणाऱ्या बैठकीत अशी चार माणसे तरी असतात. लग्नाच्या यादीवर सह्या होताना मुलीच्या बाजूचेही वडीलधारे हसत असतात, कारण मोडले तर लोक काय म्हणतील याची त्यांना अधिक चिंता असते.

काळी चार, तुमचा मुद्दा मला छळतो आहे. सिंधूबाबत मी तुमच्याशी सहमत आहे. शारदेबाबत थोडा वेगळा विचार करतो. देवलांच्या नाटकात 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान' हेही पद आहे आणि ते गावागावात तोंडी झाले. म्हाताऱ्या नवरदेवाला लोकांनी उघड हसणे, हे त्या काळात लहान काम नव्हते. गोड चालीने दुःख सुसह्य केले असेल, पण थट्टेच्या चालीने भुजंगनाथांची अब्रूही घालवली.

विदुला, 'तृतीय रत्न' मी सुरुवातीला घ्यायला हवे अशा योग्यतेचे आहे. तुमच्या प्रतिसादाने धाग्याला पाया मिळाला.

तालीममास्तर

'शांतता' आम्ही महाविद्यालयात बसवले होते आणि नंतर राज्य नाट्य स्पर्धेतही केले. तालमीच्या अनुभवावरून काही लिहितो, कारण हे नाटक वाचताना जे कळत नाही ते उभे करताना कळते.

पहिल्या अंकात प्रेक्षक भरपूर हसतो. ते हसणे तेंडुलकरांनी मुद्दाम मिळवलेले आहे. काशीकरांचे कान कोरणे, सुखात्म्यांचा वकिली सूर, सामंताचा भाबडेपणा, हे सगळे खरोखर मजेदार आहे. खटला सुरू होतो तेव्हाही हशा चालूच राहतो, कारण तो खेळ आहे. पोंक्षे, कर्णिक, रोकडे एकेक माहिती देऊ लागतात आणि हशा कमी होत जातो, पण एकदम थांबत नाही. कोणत्या क्षणी आपण हसायला नको होते, हे प्रत्येक प्रेक्षकाला वेगवेगळ्या वेळी कळते. आमच्या एका प्रयोगात पुढच्या रांगेतले लोक अगदी उशिरापर्यंत हसत होते आणि आमची बेणारे करणारी मुलगी प्रयोगानंतर कितीतरी वेळ कुणाशी बोलली नाही. तिला ते हसणे पोंक्षे आणि कर्णिक यांच्या साक्षींहून अधिक लागले होते. रंगपीठ म्हणतात त्या भोवतीच्या माणसांमध्ये तेंडुलकरांनी प्रेक्षकालाही ओढून घेतले आहे, हे मला त्या दिवशी उमगले.

सामंताकडे मी सर्वांचे लक्ष वेधू इच्छितो. हा या नाटकातला एकमेव निर्मळ माणूस. त्याला बेणारेबाई आवडतात. पण साक्षीला उभे केल्यावर तो काय करतो? हातातल्या एका कादंबरीतला प्रसंग स्वतः पाहिला असे सांगून टाकतो, दामल्यांच्या खोलीबाहेर ऐकलेला संवाद म्हणून. त्याच्या मनात कपट नाही. साक्षीदाराकडून जे अपेक्षित आहे ते नीट करावे, एवढीच त्याची इच्छा. आणि नेमकी तीच रचलेली साक्ष बेणारेच्या वर्मी बसते. स्वार्थी माणसांमुळे क्रौर्य घडते हे सूत्र सामंतापाशी येऊन अपुरे पडते. क्रौर्याच्या यंत्रणेला सज्जनही चालतो, त्याने फक्त सांगितलेले काम करायचे असते. तालमीत सामंत करणाऱ्या मुलाला आम्ही सांगत असू की तू जितका गोड राहशील तितके हे भयंकर होईल.

सांजवेळ

'नटसम्राट'चे नाव अजून कसे आले नाही? शिरवाडकरांचे हे नाटक १९७० च्या डिसेंबरात गोवा हिंदू असोसिएशनने आणले, डॉ. श्रीराम लागूंनी निवृत्त नट अप्पासाहेब बेलवलकर केले आणि तेव्हापासून मुलांच्या कृतघ्नतेचे उदाहरण म्हणून आपण त्याच्याकडे बोट दाखवत आलो आहोत. 'कुणी घर देता का घर' हे वाक्य ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा.

मला मात्र त्यातली मुले केवळ दुष्ट वाटत नाहीत आणि अप्पा केवळ निरपराध वाटत नाहीत. सगळी मालमत्ता मुलांना देऊन टाकणे हीसुद्धा अप्पांची एक भूमिकाच होती. सम्राटाने राज्य दान केल्यासारखी. त्या दानात त्यांनी पत्नी कावेरीला विचारले का? पुढच्या दिवसांसाठी तिच्या नावाने काही ठेवले का? आयुष्यभर दौऱ्यांवर असलेल्या नवऱ्यामागे जिने घर ओढले, तिची निवाऱ्याची शाश्वती त्यांनी एका टाळीसाठी देऊन टाकली असे मला वाटते आणि हे म्हणताना अप्पांविषयीचे माझे प्रेम जराही कमी होत नाही.

शेक्सपिअरच्या लिअर राजाशी तुलना नेहमी होते. तिथे धाकटी कॉर्डेलिया आहे, बापावर खरे प्रेम करणारी. शिरवाडकरांनी ती जागा नात्यात ठेवलीच नाही. इथली लाडकी लेक नलू हीच चोरीचा आळ घेते. तो प्रसंग मला मुलाच्या घरातल्या अपमानांपेक्षा कितीतरी क्रूर वाटतो, कारण तिथे कुणाचा हेतू वाईट नाही. पैसे सापडत नाहीत, घरात बाहेरचे असे दोघेच आहेत आणि सुशिक्षित, सुस्थित माणसे सरळ हिशोब करतात. आईवडील 'बाहेरचे' केव्हा झाले, हे कुणाच्या लक्षातही आलेले नसते. नाटकात मायेने जवळ घेणारा उरतो तो रस्त्यावर बूटपॉलिश करणारा राजा. रंगपीठ यांचे म्हणणे घराला लावले तर असे दिसते की भद्रेश्वर लागतोच असे नाही. चौकोनी कुटुंबाची शिस्त, वेळापत्रक आणि जागेची टंचाई तेच काम करू शकते.

विदुला

सांजवेळ, कावेरीचा प्रश्न आपण नेहमी विसरतो. तुम्ही तो विचारलात याबद्दल आभार. मात्र वृद्धांना घराबाहेर काढणाऱ्या मुलांची बाजू जागेच्या टंचाईने सांभाळली जाऊ नये, एवढी विनंती. नलूच्या घरी जागा भरपूर होती.

कृष्णाकाठ

शारदेच्या बापाविषयी वाचताना मला सतत घाशीराम आठवत होता. १९७२ च्या डिसेंबरात पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' केले, लगेच संस्थेने प्रयोग थांबवले आणि कलावंतांनी थिएटर अॅकॅडमी स्थापून ते पुढे चालवले, हा इतिहास सर्वज्ञात आहे. वाद झाला तो नाना फडणवीसांच्या चित्रणावरून आणि ब्राह्मणांच्या चित्रणावरून. त्या गदारोळात एक गोष्ट बाजूला पडली: हे मुलगी देऊन सत्ता घेणाऱ्या बापाचे नाटक आहे. कांचनभटाने शारदेच्या बदल्यात रक्कम घेतली. घाशीरामाने आपली मुलगी ललिता गौरी नानाला देऊन तिच्या बदल्यात पुण्याची कोतवाली घेतली.

फरक इतकाच की घाशीराम स्वतः आधी चिरडला गेलेला आहे. कनोजहून पोट भरायला आलेल्या या माणसावर चोरीचा आळ घेऊन पुण्याच्या लोकांनी त्याला मारले, कोठडीत टाकले. त्याचा सूड खरा आहे, पण सूडाची किंमत तो स्वतः मोजत नाही, लेकीकडून मोजून घेतो. गौरी मरते, नाना नव्या लग्नाच्या तयारीला लागतो आणि घाशीरामाला उरलेल्या शहरावर तो राग काढायला मोकळे सोडले जाते. त्याच्या कोठडीत ब्राह्मण गुदमरून मरतात तेव्हा लोक उठतात आणि नाना निर्विकारपणे त्याच्या मृत्यूच्या हुकमावर सही करतो. ज्याने त्याला उभे केले, वापरले, त्याला धक्काही लागत नाही.

रंगमंचावर एका रांगेत उभी राहणारी बारा माणसांची ती भिंत मला या धाग्याच्या दृष्टीने सर्वांत बोलकी वाटते. तीच माणसे भजन म्हणतात, तीच बावन्नखणी या कलावंतिणींच्या वस्तीत जातात, तीच घाशीरामावर आळ घेणाऱ्या गर्दीत असतात आणि शेवटी त्याला दगडांनी मारणारीही तीच. अधूनमधून ती पाठ फिरवून उभी राहतात, म्हणजे पलीकडे काय चालले आहे ते त्यांना दिसत नाही. रंगपीठ ज्यांना भोवतीची माणसे म्हणतात त्यांचे एवढे थेट रूप मराठी रंगभूमीवर त्याआधी आले नव्हते.

आणखी एक निरीक्षण. शारदेला देवलांनी पदे दिली. बेणारेला तेंडुलकरांनी ते दीर्घ स्वगत दिले. गौरीला त्याच तेंडुलकरांनी जवळजवळ काहीच दिले नाही. तिचे काय झाले हे आपल्याला इतरांच्या तोंडून कळते. ही नाटककाराची उणीव मानायची, की त्या शहरात तिच्यासारखीला बोलायला जागाच नव्हती हे दाखवण्याची रीत मानायची, याचा निर्णय माझा अजून होत नाही. इतरांनी लिहावे.

काळी चार

कृष्णाकाठ, माझ्या मते ती उणीवच आहे. 'घाशीराम'ची लय, नाच, कीर्तन, लावणी यांनी प्रेक्षक इतका भारला जातो की गौरीचा मृत्यू त्या लयीत वाहून जातो. सिंधूबाबत मी जे म्हटले तेच इथे वेगळ्या मार्गाने घडते. वडिलांनी तिचे प्रेत उकरून पाहण्याइतका कल्लोळ करावा आणि आपल्याला मात्र त्या मुलीचा एक विचारही माहीत नसावा, हे मला स्वीकारता येत नाही.

तालीममास्तर

या प्रश्नावर तालमीतून मिळालेले उत्तर देतो. ते अर्धेच आहे. बेणारेला स्वगत दिले असे कृष्णाकाठ म्हणतात, पण ते कोणत्या परिस्थितीत दिले ते पाहावे. न्यायाधीश काशीकर तिला बाजू मांडायला दहा सेकंद देतात. ती बोलू लागते तेव्हा इतर सगळी पात्रे जागच्या जागी थिजलेली असतात. म्हणजे ती मिनिटेच्या मिनिटे बोलते, पण त्या खोलीत एक शब्दही ऐकला जात नाही. कोर्टाच्या कामकाजात ती गप्पच राहिली अशी नोंद होणार. स्वगत संपले की काशीकर शिक्षा सुनावतात आणि ज्या भ्रूणहत्येचा आरोप ठेवून खटला सुरू झाला, त्याच गर्भाचा नाश करण्याचा निकाल देतात. तिच्या बोलण्याने निकालात एका अक्षराचाही बदल झालेला नसतो.

आमच्यात तेव्हा मोठा वाद झाला होता. एका गटाचे म्हणणे होते की इतरांना थिजवू नये, त्यांना हालचाली करू द्याव्यात, काशीकरांनी कान कोरत राहावे, बाईंनी विणत राहावे, म्हणजे ते ऐकत नाहीत हे अधिक ठसेल. आम्ही दोन्ही करून पाहिले. हालचाली ठेवल्या तेव्हा प्रेक्षकाचे लक्ष त्या माणसांवर गेले आणि त्यांचा राग आला. थिजवले तेव्हा रागावायला समोर कुणी उरले नाही, फक्त ती आणि प्रेक्षक उरले, आणि प्रेक्षकाला ते जड गेले. आम्ही दुसरा मार्ग कायम ठेवला. गौरीसाठी असा काही मार्ग दिग्दर्शकाला काढता येईल का, तिच्या प्रसंगांत ती भिंत क्षणभर तरी मोडता येईल का, हे 'घाशीराम' बसवलेल्या कुणी इथे असेल तर त्यांनी अवश्य लिहावे.